भंडारदरा, भर जुलै आणि पाण्याच्या वाटा

जुलैत भंडारदऱ्याला टेंट टाकून राहणार म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो, एवढ्या पावसात कशाला? तर पावसासाठीच. मेच्या शेवटी तिकडे काजवे बघायला झुंबड उडते, डिसेंबरात लोक शेकोटी पेटवून चांदण्या बघत बसतात, दोन्ही भारीच आहे, पण हे तळं भरताना बघायचं असेल तर जुलै आणि ऑगस्टची सुरुवात एवढेच दिवस हातात असतात, आणि त्या दिवसांत हॉटेलच्या काचेतून पाऊस बघणं वेगळं आणि पाण्यापासून हाकेच्या अंतरावर एका कापडाखाली झोपून तो ऐकणं वेगळं.

तळं म्हणतोय आम्ही, पण तो धरणाचा जलाशय आहे. प्रवरा नदीवर शेंडी गावाजवळ इंग्रजांनी दगडी धरण बांधलं, काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. धरणाला गव्हर्नरच्या नावावरून विल्सन डॅम आणि मागच्या पाण्याला आर्थर लेक अशी नावं दिली. उंची ८२ मीटरच्या वर, साठा अकरा टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये बोलायचं तर २,८३१ कोटी लिटरच्या आसपास, तर असे अकरा. आणि हे सगळं पाणी येतं कुठून तर समोर दिसणाऱ्या डोंगरांवरून, रतनगड, घाटघरचा कडा, कळसूबाईची रांग, या तीन बाजूंनी जे काही पडतं ते घरंगळत इथे येऊन साठतं. जूनमध्ये काठावरची लाल माती उघडी पडलेली असते आणि साधारण १५ ऑगस्टच्या आगेमागे धरण भरतं. म्हणजे दोन महिन्यांत डोळ्यांदेखत एक अख्खं तळं तयार होतं, हे जवळून बघण्यासारखं आहे की नाही सांगा.

या वेळी ग्रुपमध्ये एक माणूस असा होता की ज्याच्यामुळे ही ट्रिप माझ्यासाठी नेहमीसारखी राहिलीच नाही. आमचा कॉलेजचा मित्र, मूळचा श्रीरामपूरचा, आता नोकरीला पुण्यात. घरी ऊस, थोडी सोयाबीन, कांदा. सगळी शेती प्रवरेच्या कालव्यावर. म्हणजे लहानपणापासून ज्या पाटाच्या पाण्यात पोहला, ते पाणी भंडारदऱ्याचं हे त्याला माहिती होतं, पण भंडारदरा त्याने पाहिला होता तो उन्हाळ्यात शाळेच्या सहलीला. भर पावसात कधीच नाही. बाकी मग आमची डॉक्टर मैत्रीण, तिचा नवरा, नाशिकचे दोघं भाऊ (यांच्याशिवाय गाडी आणि ताडपत्री कुठून येणार) आणि मी.

नाशिककर आणि मुंबईवाले घोटीला भेटलो. मुंबईहून यायचं तर कसारा घाट चढून इगतपुरी, मग घोटी, तिथून हायवे सोडून बारीमार्गे शेंडी. घोटीला मिसळ आणि चहा झाला की पुढचा रस्ता म्हणजे नुसती भातखाचरं, दोन्ही बाजूंना पाणी भरून ठेवलेली, मधे मधे रोपांचे हिरवेगार तुकडे. बारीला कळसूबाईचा पायथा लागतो, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर, पण जुलैत ते दिसत नाही, ढगात असतं, फक्त खालचा अर्धा डोंगर आणि त्यावरून उतरणारे पांढरे ओहोळ दिसतात. श्रीरामपूरकर मित्र पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असा आला. राजूरला पेढे घेतले त्याने, राजूरचे पेढे त्या बाजूला प्रसिद्ध आहेत, आणि दमट हवेत ते संपवावेच लागतात हे फार चांगलं आहे.

शेंडीपासून तळ्याला वळसा घालणारा रस्ता आहे. एका बाजूने मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, पुढे साम्रद, घाटघर, मग उडदावणे, पांजरे, मुरशेत करत परत शेंडी. वीकेंडला शेंडीच्या आसपास आणि काठावरच्या मोठ्या कॅम्पसाइटवर रांगेत टेंट लागतात, स्पीकर असतात, मला स्वतःला ते आवडत नाही. पाऊस ऐकायला आलोय तर पाऊस ऐकू आला पाहिजे. म्हणून आम्ही रतनवाडीच्या बाजूला एका ओळखीच्या घरच्या अंगणात उतरतो. महादेव कोळी कुटुंब आहे, बाबा, त्यांचा मुलगा, सून, नातवंडं, दोन बैल. घरासमोर उताराची मोकळी जागा, पलीकडे खाचरं आणि त्याच्या खाली पाणी.

पोचलो तेव्हा पाऊस जरा थांबलेला. नाशिकच्या धाकट्याने लगेच एक सपाट हिरवी जागा बघून टेंटची पिशवी टाकली. बाबा ओट्यावरून उठून आले. म्हणाले, "हितं नका लावू पोरांनो. आत्ता कोरडं दिसतंय, रातच्याला वरनं पानी आलं की ह्याच वाटंनं जातंय." मग त्यांनी जे दाखवलं ते मी कुठल्याही कॅम्पिंगच्या व्हिडिओत पाहिलेलं नाही. म्हणाले, जमीन बघू नका, गवत बघा. वाकून बघितलं तर खरंच, त्या सपाट जागेवरचं गवत एका बाजूला झोपलेलं होतं, सगळी पाती खाली तळ्याच्या दिशेने विंचरल्यासारखी, आणि पात्यांच्या बुडाशी बारीक रेती आणि सुकलेल्या पानांचे चुरे अडकलेले. तिथून चार पावलं वर, जिथे जरासा फुगवटा होता, तिथलं गवत सरळ उभं. टेंट तिथे लावा. एवढंच. रात्री बॅटरी मारून पाहिलं तेव्हा त्या आधीच्या जागेवरून घोटाभर पाणी वाहत होतं, आणि आमच्या टेंटखाली जमीन नुसती ओली होती.

पावसात टेंट लावायच्या दोन-तीन गोष्टी सांगतो कारण लोक नेहमी विचारतात. टेंट डबल लेयरचाच पाहिजे, आतला जाळीचा आणि वरचा फ्लाय, आणि दोघांमध्ये हवा खेळली पाहिजे, फ्लाय आतल्या कापडाला चिकटला की तिथून पाणी झिरपणारच. खाली जी शीट टाकता तिच्या कडा टेंटच्या बाहेर आल्या नाही पाहिजेत, बाहेर आल्या की वरून पडलेलं पाणी त्याच शीटवरून सरळ तुमच्या अंगाखाली येतं. वारा पश्चिमेकडून येतो त्यामुळे दार पूर्वेला. माती भिजून लोणी झालेली असते, पेग धरत नाहीत, दोऱ्या दगडाला बांधायच्या. सगळ्यात वर ताडपत्री, एका बाजूला उतार देऊन, म्हणजे टेंटच्या दारात उभं राहायला आणि बूट काढायला कोरडी जागा मिळते. आणि थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद करून झोपू नका, आपल्याच श्वासाची वाफ वरच्या कापडाला लागून थेंब थेंब गळते आणि लोकांना वाटतं टेंट गळतोय. झोपायचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वेगळे ठेवायचे आणि ते घालून काही झालं तरी बाहेर जायचं नाही. जीन्स तर आणूच नका, ती तिथे वाळतच नाही.

बाबांच्या मुलाने कुदळीने वरच्या बाजूला एक छोटा चर मारून दिला, पाणी दोन्हीकडून वळून जाईल असा. दहा मिनिटांचं काम. चिखलात उभं राहून श्रीरामपूरकर त्याच्या हाताकडे बघत होता, मग म्हणाला, द्या इकडे, आणि उरलेला चर त्याने मारला. बाबा बघत होते. म्हणाले, "शेतकऱ्याचं पोर हाय." म्हटलं कसं ओळखलंत, तर म्हणाले, पाण्याला आधी जागा देतंय आन मग माती वढतंय.

अंधार पडायच्या आत पाऊस परत सुरू झाला आणि मग तो थांबलाच नाही. त्या भागात याला झड म्हणतात, मोठ्या सरी नाहीत, गडगडाट नाही, नुसतं तासन्तास एका लयीत पडत राहणं. विजा जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात, जुलैची झड शांत असते. पण शांत म्हणजे आवाज नाही असं नाही! कौलांवर एक आवाज, पागोळ्यांचा वेगळा, ताडपत्रीवर वेगळा, खाचरातल्या पाण्यावर पडणारा अगदी वेगळा, आणि या सगळ्याच्या मागे डोंगरावरच्या ओहोळांचा एक घुमणारा आवाज रात्रभर चालू. आणि बेडूक. मोठे बेडूक या दिवसांत पिवळेधम्मक होतात, नर असतात ते, बॅटरीच्या उजेडात खाचराच्या बांधावर बसलेले दिसले, गाल फुगवून एकेक ओरडायला लागला की समोरच्या बांधावरून दुसरा उत्तर देतो. डॉक्टरीणबाई छत्री घेऊन अर्धा तास त्यांच्यापाशी उभ्या, हलायलाच तयार नाहीत.

जेवण पडवीतल्या चुलीवर. बाहेर शेकोटी पेटवायचा प्रश्नच नाही, आणि हे सगळं कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, १९८६ पासून, तेव्हा जंगलातली फांदीही तोडायची नाही. घरात माळ्यावर उन्हाळ्यातच लाकूड भरून ठेवलेलं असतं. वहिनींनी नागलीच्या भाकरी केल्या, कुरडूची भाजी, खेकड्याचं कालवण आणि त्यांच्याच शेतातला भात. खेकडे बाबांच्या नातवाने संध्याकाळी बांधावरून पकडून आणलेले. भाकरी थापतानाचा तो आवाज आणि चुलीतल्या विस्तवावर ती टम्म फुगते ते बघत सगळे हात शेकत बसलो होतो, कोणाच्या फोनला रेंज नाही आणि कोणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

वहिनींनी मग बियाणं दाखवलं. राखेत कालवून मडक्यात ठेवलेलं, वाल, काकडी, भोपळा, दोन-तीन जातींचा भात. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना बीजमाता म्हणतात आणि पद्मश्री मिळाली, त्यांच्याबद्दल या घरांमध्ये किती आपुलकीने बोलतात ते ऐकायला पाहिजे. वहिनी म्हणाल्या, आमच्यासारखीच बाई आहे ती, शाळेत गेलेली नाही, आणि आता लोक तिच्याकडे शिकायला येतात. नागली, वरई, भात, हीच इथली पिकं, आणि पाऊस चार महिन्यांत जे देईल त्यावर पूर्ण वर्ष.

जेवणं झाल्यावर कोरा चहा, गवती चहा घातलेला, आणि तेव्हा श्रीरामपूरकर बाबांना म्हणाला, बाबा, आमच्याकडचा ऊस ह्याच पाण्यावर आहे.

बाबांनी विचारलं, कुठं? त्याने सांगितलं. श्रीरामपूर, डावा कालवा. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग आमचं पानी तुमच्याकडं जातं म्हना की."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आज्याची भातखाचरं पाण्याखाली आहेत. ते स्वतः कधी बघू शकले नाहीत, पण त्यांच्या वडिलांनी पाहिली होती, लहान असताना, धरण बांधायचं काम चालू होतं तेव्हा. हात वर करून अंधारात तळ्याकडे दाखवलं, त्या खालच्या टेकाडाच्या पल्याड, म्हणाले. चांगली जमीन होती, गाळाची. मग हे लोक वर सरकले, मुरमाच्या उतारावर बांध घालून नवीन खाचरं केली. आणि पाणी? पावसाळ्यात एवढं की नकोसं होतं, पण खाली कालव्यांना आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, सुटत जातात तसं तळं उतरत जातं आणि उन्हाळ्यात काठापासून पाणी लांब गेलेलं असतं, वरच्या पाड्यांवरच्या बायकांना हंडा घेऊन चालावं लागतं. धरण उशाला आणि कोरड घशाला, आपण पेपरात वाचतो, इथे तो रोजचा दिवस आहे. मला हे मनापासून वाटतं की ज्यांच्या जमिनीवर ते पाणी उभं आहे त्यांच्या घरात नळ सगळ्यात आधी यायला हवा होता. शंभर वर्षं होत आली त्या धरणाला.

मला वाटलं आता वातावरण जड होणार. पण तसं झालं नाही, कारण बाबांनीच विचारलं, उसाला पाण्याच्या पाळ्या किती लागत्यात? आणि मग दोन शेतकरी जे बोलायला लागले की विचारू नका. श्रीरामपूरकर सांगत होता की आवर्तन सुटलं की पाटकऱ्याची वाट बघायची, रात्रीचं बारं, म्हणजे आपल्या शेताला पाणी घ्यायची पाळी, आली तर वडिलांबरोबर बॅटरी घेऊन चारीवर जायचं, थंडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून दारं धरायची, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचेस्तोवर त्याचा जीव वर खाली. बाबांना हे सगळं नवीन होतं, पाणी विकत, पाणी वाटून, पाणी ठरलेल्या वेळेला. ते म्हणाले, आमच्याकडं त्येचं त्येचं येतं, आन त्येचं त्येचं जातं. आणि पुढे म्हणाले, तुमच्या वडिलांना घेऊन या एकदा.

मी तिथे बसून तो सगळा रस्ता डोक्यात जुळवत होतो. रतनगडावर उगम, अमृतेश्वराच्या देवळापाशी उतरून तळ्यात, धरणातून बाहेर पडलं की रंधा धबधबा, मग निळवंडे धरण, मग संगमनेरच्या बाजूला ओझरचा बंधारा, तिथून डावा आणि उजवा कालवा, आणि मग राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडची ती सपाट काळी जमीन. लोणीचा प्रवरानगर साखर कारखाना, विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या मदतीने उभा केलेला, सहकारातला पहिला म्हणून ज्याचं नाव घेतात, तो या पाण्याशिवाय उभाच राहिला नसता. आणि जे पाणी नदीतूनच पुढे जातं ते नेवाशाला, जिथे ज्ञानेश्वरांनी टेकून ज्ञानेश्वरी सांगितली म्हणतात तो पैस खांब आहे ती प्रवरा हीच, आणि तिथून प्रवरासंगमला गोदावरीत, पुढे पैठणचा नाथसागर. आमच्या ताडपत्रीवरून त्या रात्री जे ओघळलं त्यातलं थोडं तरी मराठवाड्यापर्यंत जाणार होतं.

रात्री झोप तुकड्या तुकड्यांत लागली पण चांगली लागली. पहाटे कधीतरी झड जरा ओसरली आणि ढग इतके खाली आले की टेंटमधून बाहेर आल्यावर घर दिसत नव्हतं, फक्त बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज.

सकाळी त्यांची आवणी, म्हणजे भाताची लावणी, होती. आम्ही पण उतरलो खाचरात. चिखलणी आदल्या दिवशी झालेली, बैलांनी फिरून फिरून चिखल अगदी लोण्यासारखा केलेला. रोपांच्या जुड्या बांधावरून फेकतात, त्या बरोबर जागेवर उभ्या पडतात, आणि बायका एका ओळीत वाकून मागे मागे सरकत लावत जातात. तीन-चार काड्या एकत्र, अंगठा आणि दोन बोटांनी धरून, पहिल्या पेरापर्यंत आत. जास्त खोल गेलं तर फुटवे कमी येतात, वरच राहिलं तर पाण्यावर तरंगून येतं. वहिनींचा हात बघत राहावा असा, डाव्या हातातली जुडी आपोआप सैल होत जाते आणि उजवा हात थांबतच नाही. पाठीवर आता प्लास्टिकचा कागद असतो, पण बाबांकडे जुनं इरलं आहे, बांबूच्या कामट्या आणि पानांचं, ते घालून ते बांधावर उभे होते आणि म्हणाले की वाकून काम करताना याच्याखाली पाठ अजिबात भिजत नाही आणि वाराही लागतो, प्लास्टिकमध्ये घामानंच भिजायला होतं. डॉक्टरीणबाईने तासभर आवणी केली आणि वर आल्यावर म्हणाली, या बायकांच्या कमरेबद्दल आपण दवाखान्यात जे बोलतो ना, विश्रांती घ्या, वाकू नका, ते कुठल्या तोंडाने बोलायचं.

दुपारी अमृतेश्वर. रतनवाडीचं हे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं मानतात, काळ्या दगडाचं, भिंतीवर बोट ठेवायला जागा नाही इतकं कोरीव काम, आणि थोड्या अंतरावर पुष्करणी, चारी बाजूंनी कोनाडे, कोनाड्यांत मूर्ती. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंडी पाण्याखाली जाते. पुजारी कडेला उभे राहून पाण्यावरच बेल वाहत होते, पानं गोल गोल फिरत होती. देवळाच्या मागे रतनगड असतो, त्या दिवशी नव्हता, नुसता पांढरा पडदा, मधूनच फाटायचा आणि गडाजवळचा खुट्टा सुळका दिसायचा आणि परत गायब. गडावर जायचा विचार आम्ही केलाच नाही, वाटेत प्रवरेचंच पात्र दोन-तीनदा ओलांडावं लागतं आणि वर पाऊस चालू असेल तर ते पाणी कधी वाढेल त्याचा भरवसा नाही. साम्रदची सांदण दरी तर पावसाळ्यात बंदच, तिथून अख्खा डोंगर रिकामा होत असतो.

घाटघरला मात्र गेलो. तिकडे पाऊस नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात सगळ्यात जास्त, कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण, म्हणजे असायला पाहिजे, आपल्याला दिसतो तो ढग, आणि तो ढग वाऱ्याने खालून वर येत असतो त्यामुळे पाऊस हनुवटीला लागतो. रेलिंग सोडून पुढे जायचं नाही. इथेच तो घाटघरचा २५० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे, विजेची मागणी असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करायची आणि मागणी कमी झाली की तेच पाणी परत पंपाने वर चढवायचं. नाशिकचा थोरला इलेक्ट्रिकल इंजिनिअर, तो तिथून निघायलाच तयार नव्हता.

येताना शेंडीला धरणावर थांबलो. अंब्रेला फॉल चालू नव्हता, धरणातून पाणी सोडतात तेव्हाच तो त्या गोल खडकावरून छत्रीसारखा पडतो, आणि धरण भरायला अजून अवकाश होता. श्रीरामपूरकर कठड्याशी उभा राहून खाली प्रवरेच्या पात्राकडे बराच वेळ बघत होता. मग वडिलांना फोन लावला, रेंज आल्या आल्या. मला त्याचं एवढंच ऐकू आलं, "अण्णा, भरतंय. या वर्षी काळजी नाही."

जाणार असाल तर काही गोष्टी कळकळीने सांगतो. धबधब्याच्या प्रवाहात उतरू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, मुलं होती त्यात, पाणी काही मिनिटांत वाढलं. आपण उभे असतो तिथे ऊन असलं तरी वर डोंगरावर काय चाललंय हे आपल्याला दिसत नाही. तळ्यातही पोहू नका, तळ गाळाचा आहे, कडा सरळ खाली जाते. टेंट पाण्याच्या अगदी काठाला लावू नका कारण या दिवसांत पातळी रोज चढत असते. दारू अभयारण्यात चालत नाही, आणि बाटल्या फुटून खाचरात जातात तिथे दुसऱ्या दिवशी कोणीतरी अनवाणी आवणी करणार असतं, एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे. कचरा परत आणा, सगळा. गावातल्या घरी राहिलात तर पैसे रोख न्या, घासाघीस करू नका, आणि वहिनींना विचारून तांदूळ किंवा नागली विकत घ्या, आम्ही प्रत्येकाने घेतली, तो भात घरी शिजला की शेजारी विचारतात कुठला म्हणून.

शेंडीला घोटीहून एसटी आहे, पुण्याकडून येणाऱ्यांना अकोले, राजूरमार्गे. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, १५ ऑगस्ट तर नक्कीच टाळा, शेंडीत गाड्यांची रांग हलत नाही.

श्रीरामपूरकर आल्यापासून रोज सकाळी पेपरातला भंडारदऱ्याचा साठा ग्रुपवर टाकतोय. अण्णांना घेऊन जायचं ठरलंय, धरण भरायच्या आत, आणि बाबांसाठी त्यांनी घरच्या गुळाची ढेप बाजूला काढून ठेवलीये.